उंबरठ्यावरची भाषा

घर सोडून दूर जाणाऱ्या माणसाला मराठीत दोन नावे आहेत. तो 'पर्यटक' असतो किंवा 'पाहुणा' असतो. 'पर्यटक' हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'अट्' म्हणजे हिंडणे, यांपासून तो सिद्ध झाला. 'पाहुणा' मात्र संस्कृत 'प्राघुण', प्राकृत 'पाहुण' असा झिजत झिजत आपल्या ओट्यावर आलेला तद्भव शब्द आहे. दोन्ही शब्दांच्या घडणीतला हा फरक त्यांच्या अर्थातही उतरला आहे. पर्यटक एकटा असू शकतो. त्याला रस्ता, तिकीट आणि नकाशा पुरतो. पाहुण्याला यजमान लागतो. कोणीतरी 'या' म्हटल्याखेरीज जगात कोणीही पाहुणा होऊ शकत नाही.

प्रस्तुत लेखातील मत या भेदावर उभे आहे. परक्या देशाची स्थानिक संस्कृती पर्यटकाला दिसते, पाहुण्याला ती कळते. आणि पाहुणा होण्यासाठी लागणारे पहिले भांडवल म्हणजे उंबरठ्यावर, ताटावर आणि निरोप घेताना बोलली जाणारी पाच-सहा वाक्ये. ही वाक्ये परभाषेत शिकण्याची उत्तम पूर्वतयारी आपल्याच घरच्या उंबरठ्यावर होते. उदाहरणादाखल मी एका बाजूला जपान घेतला आहे आणि दुसऱ्या बाजूला पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील घिवली हे गाव. ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल, म्हणून आधी तिचे कारण सांगतो.

जपानच का? घिवलीच का?

घिवलीच्या शेजारी तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे आणि थोडे आत गेले की बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत लागते. या पट्ट्यातील कितीतरी विद्यार्थी कारखान्यातली पाळी संपवून, मासळीची कामे आटोपून किंवा घरसंसार सांभाळून मराठीची पदवी करीत असतात. आता याच पट्ट्यातून मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे जात आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानके असून त्यांपैकी एक बोईसरचे आहे. १४ सप्टेंबर २०१७ रोजी पायाभरणी झालेल्या या प्रकल्पामागचे तंत्र जपानच्या 'शिन्कान्सेन'चे आहे आणि त्याला जपानचे दीर्घ मुदतीचे कर्जही आहे. टोकियो ते ओसाका ही पहिली शिन्कान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावली. तिची पुढची पिढी बोईसरला थांबेल, ही गोष्ट या गावांच्या ध्यानीमनीही नव्हती.

दुसरे कारण रोजगाराचे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात 'विशिष्ट कौशल्य' असलेल्या कामगारांविषयी करार झाला. त्यात चौदा क्षेत्रे होती. रुग्णसेवा, शेती, बांधकाम यांबरोबर मासेमारीही होती. अशा कामासाठी कौशल्याच्या परीक्षेबरोबर जपानी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. म्हणजे घिवली, दांडी, उच्छेळी, मुरबे, सातपाटी या किनाऱ्यावरच्या मुलामुलींसाठी जपान हा केवळ चित्रपटातला देश राहिलेला नाही. कोणाचा भाऊ, कोणाची मैत्रीण, कोणाचा जुना सहकारी उद्या तिथे असेल आणि त्याला भेटायला जाण्याचा योगही येईल.

अशा वेळी विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात : मराठीच्या पदवीचा तिथे काय उपयोग? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. त्याचे उत्तर मी पुढील तीन ठिकाणी, म्हणजे दार, ताट आणि निरोप यांत शोधतो.

दार

पुण्यात मराठी शिकण्यासाठी आलेले एक जपानी अभ्यासक माझे स्नेही झाले. पुढे काही वर्षांनी मी त्यांच्या घरी चार दिवस राहिलो. त्यांचे घर प्रशांत महासागराच्या काठावरील एका लहान मासेमारीच्या गावात आहे. जपानमध्ये मित्रांना बाहेर, उपाहारगृहात भेटण्याची रीत मोठी आहे. घरे लहान असतात, आणि घरी बोलावणे ही जवळिकीची खूण मानली जाते.

जपानी घराच्या दारात 'गेन्कान' नावाची एक खोलगट जागा असते. तिथे पादत्राणे काढायची आणि ती बोटे दाराकडे वळवून ठेवायची, म्हणजे जाताना पायांत सहज सरकवता येतात. आतली जमीन एक पायरी उंच असते. म्हणून यजमान 'आत या' म्हणण्याऐवजी 'ओआगारि कुदासाई' म्हणतो. 'आगारु' म्हणजे वर चढणे. हे वाक्य ऐकताच मला आपल्या कोकणपट्टीतील घरे आठवली. आपलेही घर जोत्यावर असते आणि अंगणात उभ्या राहिलेल्या माणसाला आपणही 'या, वर या' असेच म्हणतो. घराच्या बांधणीने दोन दूरच्या भाषांत एकच क्रियापद आणून ठेवले आहे.

वर चढताना पाहुणा 'ओजामा शिमास' म्हणतो. अर्थ असा, की मी आपल्याला अडथळा करीत आहे. यातल्या 'जामा' या शब्दाची कथा मराठी विद्यार्थ्याने ऐकावी अशी आहे. त्यातील 'मा' हे अक्षर बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांतून आलेले आहे आणि ते बुद्धाच्या तपात विघ्न आणणाऱ्या 'मार' या संस्कृत नावाचे लिप्यंतर आहे. म्हणजे जपानी पाहुणा दारातच सांगतो, की तुमच्या शांततेत विघ्न आणणारा मार मीच. आपणही 'तुम्हाला उगाच त्रास दिला' असे म्हणतच घरात शिरतो. जपानी भाषेत संस्कृतातून असे बरेच पाहुणे गेले आहेत. 'नराकु' हा नरक आहे आणि काबुकी नाट्यगृहात रंगमंचाखालच्या तळघरालाही तेच नाव आहे. नवऱ्याला किंवा मालकाला उद्देशून वापरला जाणारा 'दान्ना' हा शब्द मुळात आपले 'दान' आहे.

रिकाम्या हाताने कोणाकडे जाऊ नये हे आपल्याला शिकवावे लागत नाही. घरात लहान मूल असले की खाऊ न्यायचाच. जपानमध्ये याला 'तेमियागे' म्हणतात, म्हणजे हातातून नेलेली भेट. शक्यतो ती आपल्या गावची खासियत असावी, असा तिथला संकेत आहे. देताना 'त्सुमारानाइ मोनो देस गा' म्हणायचे : 'अगदी किरकोळ वस्तू आहे, पण...' मी नेलेली चिक्की आणि एक छोटे वारली चित्र देताना हे वाक्य वापरले. त्यावर स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनी चित्रातल्या तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणाऱ्या नर्तकांवर बोट ठेवून, त्यांच्याकडेही उन्हाळ्यात पूर्वजांच्या सणाला लोक असेच गोल फेर धरून नाचतात, हे हावभावांनी सांगितले. तो सण म्हणजे 'ओबोन'. कोणत्याही माहितीपुस्तिकेतील परिच्छेदापेक्षा तो मला त्या बोटाने अधिक समजला.

ताट

मराठी गृहिणी पाच पदार्थ करून ताट वाढते आणि म्हणते, 'काही विशेष नाही, मीठभाकर आहे, गोड मानून घ्या.' जपानी गृहिणी टेबल भरून टाकते आणि म्हणते, 'नानिमो आरिमासेन गा', म्हणजे 'काहीच नाही, पण...' परका माणूस हे शब्दशः घेईल तर त्याला यजमान खोटे बोलतो असे वाटेल. काव्यशास्त्राच्या अभ्यासात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या शब्दशक्ती शिकतो आणि त्या कवितेपुरत्याच आहेत असे समजून परीक्षेनंतर विसरतो. प्रत्यक्षात त्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात रोज राबत असतात. 'मीठभाकर' या शब्दाची अभिधा मीठ आणि भाकर एवढीच. तिची व्यंजना मात्र 'तुमच्यासाठी जे केले ते आम्हाला कमीच वाटते' अशी आहे.

घास घेण्यापूर्वी जपानी माणूस हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतो. 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धारण करणे असा आहे. वडीलधाऱ्यांकडून किंवा देवाकडून आलेली वस्तू मस्तकी लावून घ्यायची, त्यावरून 'नम्रपणे स्वीकारणे' हा अर्थ आला. मराठीत याला तयार शब्द आहे : शिरोधार्य. प्रसाद हाती आला की तो कपाळाला लावण्याची आपली सवय जपानी भाषेने क्रियापदात जपून ठेवली आहे. जेवण झाल्यावर म्हणायचे 'गोचिसोसामा'. यातील 'चिसो' या शब्दातील दोन्ही चिन्हांचा अर्थ धावणे. पाहुण्यासाठी सामग्री जमवताना यजमानाने जी धावपळ केली तिचे हे आभार. आपल्याकडे जुन्या पिढीतील माणूस 'अन्नदाता सुखी भव' म्हणून उठतो आणि नवी पिढी 'कशाला एवढी धावपळ केलीत?' म्हणते. दोन्हींचा आशय त्या एका जपानी शब्दात मावतो.

ताटातल्या पदार्थांतही ओळखीचे काही निघते. मासे चिरून, मीठ लावून, उन्हावाऱ्यात सुकवण्याची रीत जपानच्या किनाऱ्यावर सर्वत्र आहे. त्याला 'हिमोनो' म्हणतात, शब्दशः 'सुके'. आपणही नाम गाळून 'आज सुके आहे' असेच म्हणतो. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळताना पाहत वाढलेल्या घिवलीच्या मुलीला तिथल्या बंदरातला वास नाकाला रुमाल लावण्याजोगा वाटणार नाही. जे पर्यटकाला विचित्र वाटते तेच तिला घरचे वाटेल. ही केवढी मोठी पात्रता आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. आज तिला शाळेत, नोकरीच्या मुलाखतीत आणि कधीकधी नात्यागोत्यातही नेमके उलट सांगितले जाते.

निरोप

घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटले तर घरातली मोठी माणसे दटावतात. जपानी माणूस घराबाहेर पडताना 'इत्ते किमास' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन आणि 'किमास' म्हणजे येतो. दोन शब्द, तोच क्रम, तीच भावना : जाऊन येतो. घरातले उत्तर देतात 'इत्तेराश्शाई', म्हणजे जाऊन या. परतल्यावर 'तादाइमा', म्हणजे 'आत्ता आलो', आणि त्यावर 'ओकाएरि', म्हणजे 'परत आलात का'.

यात एक बारकावा आहे. ही देवघेव घरच्या माणसांची आहे. काही वेळापुरता आलेला पाहुणा निघताना ती वापरत नाही. तो 'ओजामा शिमाशिता', म्हणजे 'अडथळा केला', असे भूतकाळात म्हणून निघतो. मी राहिलो त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकडे जाण्यासाठी पायांत बूट चढवत असताना त्या मातोश्री आतून 'इत्तेराश्शाई' म्हणाल्या. मी 'इत्ते किमास' म्हटले. बाहेर रस्ता, नौका आणि गलबलाट कालचाच होता. त्या घराने मला कोणत्या रकान्यात घातले होते ते मात्र एका शब्दाने बदलले होते. परदेशातील स्थानिक संस्कृतीचा अनुभव म्हणून मला कोणी एकच क्षण निवडायला सांगितला, तर तो फुजी पर्वताच्या दर्शनाचा नसेल.

साम्य म्हणजे नाते नव्हे

इथे भाषेच्या विद्यार्थ्याने सावध व्हायला हवे. मराठी ही भारतीय-आर्य भाषा आहे. जपानीचे कुळ वेगळे आहे. वरील साम्यांवरून दोन्ही भाषा मुळात एक होत्या असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषांत पुष्कळ गोष्टी आपोआप सारख्या होतात. शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, विशेषण आधी येते, एका क्रियेनंतर दुसरी क्रिया 'जाऊन', 'खाऊन' अशा रूपांनी जोडली जाते. कॉलिन मसिका यांनी १९७६च्या आपल्या ग्रंथात अशी लक्षणे दक्षिण आशियाबाहेरही, आशियाच्या विस्तृत भागात कशी पसरली आहेत, याचा मागोवा घेतला आहे.

तरीही काही साम्ये थक्क करणारी आहेत. आपण 'खाऊन बघा' म्हणतो तेव्हा डोळ्यांनी बघणे अभिप्रेत नसते. प्रयत्न करणे अभिप्रेत असते. जपानीत हेच 'ताबेते मिते कुदासाई' असे होते आणि 'मिरु' म्हणजे बघणेच. 'करून ठेवणे' याला 'शिते ओकु', आणि 'ओकु' म्हणजे ठेवणेच. इंग्रजीच्या वाटेने जपानी शिकणाऱ्याला हे प्रयोग पाठ करावे लागतात. मराठी भाषकाला ते आधीच येतात. वर्णमालेचेही तसेच. जपानी मुले 'आ इ उ ए ओ' आणि मग 'का सा ता ना हा मा या रा वा' या क्रमाने अक्षरे शिकतात. सिद्धम् लिपी आणि संस्कृत उच्चारशास्त्र यांचा अभ्यास करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिथे रुजला. आपल्या 'च'वर्गाच्या जागी तिथे 'स' आहे आणि 'प'वर्गाच्या जागी 'ह', कारण त्या ओळींचे उच्चार काळाच्या ओघात बदलले. क्रम मात्र आपल्या पाटीवरचाच आहे.

साम्यांइतकेच भेदही शिकवतात. 'अतिथी' या शब्दाची आपली पारंपरिक उपपत्ती 'ज्याच्या येण्याला तिथी नाही तो' अशी सांगतात. घिवलीत शेजारच्या गावचा माणूस न कळवता येतो, ओट्यावर बसतो आणि चहा घेऊन जातो. कळवून आला तर उलट काहीतरी गंभीर आहे असे वाटते. जपानमध्ये न कळवता कोणाच्या दारी जाणे हे समोरच्याला अडचणीत टाकणे ठरते. तिथे अतिथीला तिथी लागते, वेळही लागते आणि ती पाळावी लागते. यजमान बोलत असताना मध्येच मान डोलावून हुंकार देत राहणे हे तिथे लक्षपूर्वक ऐकण्याचे लक्षण आहे. आपल्याकडे वडीलधारे बोलताना गप्प राहणे अधिक शोभते. क्योतो शहराविषयी जपानी लोकच एक विनोद सांगतात : यजमानाने 'चहा घातलेला भात घेणार का?' असे आग्रहाने विचारले, की पाहुण्याने उठावे. पुण्याच्या आदरातिथ्यावरचे विनोद ज्याने ऐकले आहेत त्याला ही व्यंजना समजावून सांगावी लागणार नाही.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

या सर्वांवर एक व्यवहारी आक्षेप येईल. आज खिशातला मोबाइल कोणत्याही भाषेचे भाषांतर करतो. मग पाच-सहा वाक्ये पाठ करण्याचा खटाटोप कशाला? दुकानात, स्थानकावर, दवाखान्यात मोबाइल निश्चित उपयोगी आहे आणि तो वापरावा. परंतु दारातले वाक्य माहिती देण्यासाठी नसते. 'येतो' या शब्दाने कोणती नवी माहिती मिळते? माणूस निघाला आहे हे सर्वांना दिसतेच. असे वाक्य हे स्वतःच एक कृत्य असते, नमस्कारासारखे. नमस्कार दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. ठरावीक रक्कम भरली की पाऊण तासाचा चहासमारंभ, भाड्याचा किमोनो आणि छायाचित्र असा संस्कृतीचा अनुभव तिथे विकत मिळतो. त्यात गैर काही नाही. कोणाचे तरी पोट त्यावर चालते. परंतु आपल्याकडच्या समुद्रकाठच्या निवासांत रात्री पाहुण्यांसाठी कोळीनृत्य ठेवतात, तेव्हा त्यातून किनाऱ्यावरच्या माणसाचे आयुष्य कितपत कळते? जूनपासून जुलैअखेरपर्यंतच्या बंदीत होड्या ओढून ठेवल्यावर घर कसे चालते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना बायका मनात काय मागतात, हे त्या नाचात येत नाही. ते कोणाच्या तरी ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या गावाबद्दल जे आपल्याला इतके स्पष्ट दिसते, ते दुसऱ्याच्या गावाला लागू करणे हीच प्रवासाची नीती होय.

महाराष्ट्राने जपानशी जे संबंध जोडले त्यांतही टिकून राहिले ते असेच. टोकियोत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली आणि तिच्या प्रेरणेने १९१६ मध्ये आपल्याकडे महिला विद्यापीठ उभे राहिले. पुढे १९२९-३०च्या जगप्रवासात कर्वे जपानलाही जाऊन आले. पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये जपानचे प्रवासवर्णन लिहिले, आणि पुण्यात ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेल्या बागेला त्यांचेच नाव मिळाले. शिरीष पै यांनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला. त्याच ओकायामा प्रांतात जन्मलेले भदन्त सुरई ससाई नागपूरला आले आणि नागपूरचेच झाले. पाहुणा म्हणून आलेला माणूस घरचा होतो तो असा.

बंद झालेली दारे

दारांविषयी लिहिताना जी दारे आता नाहीत त्यांचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी घिवलीच्या परिसरातील अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. जपानमध्ये ११ मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील अणुभट्ट्यांत अपघात झाला आणि ज्या ओकुमा व फुताबा गावांच्या हद्दीत ते केंद्र होते तेथील सर्व रहिवाशांना घरे सोडावी लागली. ओकुमाच्या काही भागात २०१९ मध्ये आणि फुताबाच्या काही भागात २०२२ मध्ये परतण्याची मुभा मिळाली. दोन्हींची कारणे अगदी वेगळी आहेत. एकीकडे भूसंपादन, दुसरीकडे आपत्ती. त्यांची बरोबरी मी करीत नाही.

तथापि भाषेच्या दृष्टीने एक गोष्ट समान आहे. घर गेले की त्याच्या उंबरठ्यावरची वाक्येही बेघर होतात. 'तादाइमा' म्हणायला दार हवे आणि 'ओकाएरि' म्हणायला आत कोणी हवे. ओटा, पडवी, माजघर यांच्या जागी आखीव वसाहतीतील खोल्या आल्या की 'वर या' हे वाक्य निरर्थक होते, आणि मांगेली, वाडवळी अशा बोलींतील त्याची रूपे दोन पिढ्यांत विसरली जातात. कोणत्याही नुकसानभरपाईच्या कागदावर या वाक्यांची नोंद नसते. ती नोंद भाषेच्या विद्यार्थ्याने केली नाही तर कोणीच करणार नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मराठीची पदवी घेणाऱ्याला परदेशात पाहुणा होण्याची विद्या मिळते, अर्थात त्याने तिचा अभ्यास पुस्तकाबाहेर चालू ठेवला तर. आपल्या घरातील 'येतो', 'वर या', 'गोड मानून घ्या' यांकडे ज्याने लक्ष दिले त्याला 'इत्ते किमास' हे नवे वाक्य वाटणार नाही. जुन्याच वाक्याचा नवा उच्चार वाटेल. आणि ज्याला स्वतःच्या बोलीची लाज वाटते तो दुसऱ्याच्या घरी गेला तरी अवघडूनच बसेल, कारण आपल्या गावाविषयी विचारले तर सांगण्यासारखे काही आहे असे त्यालाच वाटत नाही. पाहुणचार दुतर्फा असतो. उद्या बोईसरच्या स्थानकावर उतरून कोणी जपानी स्नेही घिवलीच्या ओट्यापाशी उभा राहिला, तर त्याला 'वर या' म्हणणारे कोणी असावे आणि ते आपल्या बोलीत, न लाजता म्हणावे. मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले आहे. गंगा घरात येते तशी घरातली भाषाही ज्ञानाच्या प्रवाहात गेली, तरच ते ब्रीद दोन्ही बाजूंनी पूर्ण होईल.

विचार आणि कृती

१. तुमच्या घरात पाहुणा आल्यापासून जाईपर्यंत बोलली जाणारी ठरावीक वाक्ये एका दिवसात टिपून घ्या. प्रत्येकाची अभिधा आणि व्यंजना वेगवेगळी लिहा.

२. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून यांपैकी कोणती वाक्ये तुमच्या बोलीत पूर्वी वेगळ्या रूपात होती, ते नोंदवा.

३. 'स्थानिक संस्कृती दाखवता येते, पण कळते ती पाहुण्यालाच' या मताशी तुम्ही सहमत आहात का? तुमच्या गावातील एका उदाहरणाच्या आधारे दहा-बारा ओळी लिहा.